बिननावाची चिठ्ठी

दुसऱ्याला धीर द्यायची मला भारी हौस. चौतीस वर्षं नांदेडच्या एका शाळेत मराठी शिकवलं, तेव्हा ही हौस मुलांवर भागत होती. नापास झालेला पोरगा दिसला की मी त्याला व्हरांड्यात थांबवून चार शब्द सांगायचे आणि तो बिचारा चुळबुळत ऐकून घ्यायचा. निवृत्त झाल्यावर ऐकायला कुणी उरलं नाही. नवरा तर पहिल्यापासूनच ऐकत नव्हता. अशात मुदखेडच्या पाळकीणबाईंचा फोन आला.

मुदखेड माझं माहेर. वडील रेल्वेत होते. आम्ही भावंडं तिथल्याच क्वार्टरमध्ये वाढलो, आणि तिथल्याच लहानशा देवळात. आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला घरात देऊळच म्हणतो. पाळकीणबाई, म्हणजे तिथल्या पाळकांच्या बायको, म्हणाल्या, "बाई, थंडी पडली की आपल्या बायका खचतात. दिवस लहान, सांधे धरलेले, त्यात नाताळाची कामं. दर गुरुवारी येऊन त्यांना दोन शब्द उत्तेजनाचे सांगाल का?" मी थोडे आढेवेढे घेतले, कारण ते घ्यायचे असतात, आणि त्याच दुपारी नवीन वही काढून मुद्दे लिहायला बसले.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी सभा सुरू झाली. वेळ दुपारी दोनची. जागा देवळाच्या दक्षिणेकडची, भिंतीला लागून, जिथून ऊन चारपर्यंत हलत नाही. सतरंजी अंथरायची आणि पाठ उन्हाला देऊन बसायचं. हात रिकामे ठेवून बसायची या बायकांना सवड नाही, म्हणून ज्या-त्या बाईनं आपलं काम बरोबर आणावं असं ठरलं. कुणी तुरीच्या शेंगा सोलायला आणायची, कुणी हरभऱ्याची भाजी निवडायला, कुणी तुरपाई. मी बोलत असताना शेंगा फुटल्याचा आवाज सारखा चालू असायचा. पहिल्या दिवशी मला तो अपमान वाटला. मग सवय झाली.

चिठ्ठ्यांची कल्पना माझी. आमच्याकडे सभेच्या शेवटी प्रार्थनेचे विषय विचारतात. बाईनं आपली अडचण सांगायची आणि सगळ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना करायची. पद्धत चांगली आहे, पण दुपारी सांगितलेला विषय दिवेलागणीपर्यंत गावभर झालेला असतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. 'तिच्यासाठी प्रार्थना करा बरं का' अशी सुरुवात केली की कुणाचंही काहीही सांगायची मुभा मिळते. म्हणून मी म्हटलं, इथून पुढे नाव न घालता चिठ्ठी लिहा आणि या डब्यात टाका. मी चिठ्ठ्या घरी नेईन, एकटी वाचीन, प्रार्थना करीन आणि पाणी तापवायच्या बंबात टाकीन. त्यातलं एक अक्षर माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. हे मी सगळ्यांसमोर, देवाला साक्षी ठेवून सांगितलं. इथे मुद्दाम लिहून ठेवते, म्हणजे माझी बाजू घ्यायची कुणाला इच्छा होऊ नये.

गुरुवारचा माझा क्रम ठरलेला होता. सकाळच्या पॅसेंजरनं निघायचं. डब्यात फुलं विकून परत निघालेल्या बायकांच्या रिकाम्या टोपल्या असायच्या, त्यांतून वाट काढत बसायचं. मुदखेडला उतरून भावाच्या घरी जायचं. भाऊ माझ्याहून लहान, तोही रेल्वेतच, पॉइंटमन, आज दिवसपाळी तर उद्या रात्रपाळी. आई त्याच्याकडे असते. चार वर्षांपूर्वी मोरीत पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती अंथरुणात आहे. बोलणं अर्धंमुर्धं. कधी मला ओळखते, कधी तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारते. मी तिच्या उशाशी संत्री ठेवायची, हात हातात घ्यायची, एखादं भजन म्हणायची. तोवर वहिनीचा स्वयंपाक व्हायचा. गरम भाकरी खाऊन मी वही घेऊन सभेला निघायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, लेक असावी तर अशी. सून कशी असावी हे कुणी म्हणत नव्हतं, कारण सून तिथे होतीच.

वहिनीही सभेला यायची, पण उशिरा, आणि सगळ्यांच्या मागे बसायची. अर्धा-पाऊण तास झाला की उठून जायची. आईची कूस दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. हे मला माहीत होतं. तरी ती उठून चालली की माझ्या बोलण्याची लय मोडायची आणि मला राग यायचा.

दुसऱ्या गुरुवारी डब्यात अकरा चिठ्ठ्या निघाल्या. नांदेडला घरी येऊन, चहा घेऊन, मी त्या एकेक उघडल्या. पोराची नोकरी, नवऱ्याची दारू, गुडघे, पुन्हा गुडघे. आठवी का नववी चिठ्ठी वहीच्या फाडलेल्या पानावर होती. "सासूला प्रभूनं आता घेऊन जावं असं मी रोज पहाटे मागते. मग उठून तिचं सगळं करते. माझ्यासाठी प्रार्थना करा."

मी ती दोनदा वाचली आणि माझं डोकं तापलं. प्रार्थना मात्र केली नाही. कुणी लिहिलं असेल याचाच विचार करत बसले. आता कबूल करायला लाज वाटते, पण मला त्यात मजा येत होती. जन्मभर मी वह्या तपासल्या. अक्षर ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही, अशी माझी शाळेत ख्याती होती. हे तिरकं, घाईचं, काने खाली ओढलेलं अक्षर मी कुठे तरी पाहिलं होतं. पाहता पाहता मला आठवलं. आमच्या सभेतली एक बाई शिवणकाम करते. नाताळासाठी मी तिच्याकडे ब्लाउज टाकला होता, तेव्हा तिनं माझी मापं वहीत लिहून घेतली होती. अगदी असंच अक्षर. शिवाय तिची सासू लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. झालं, माझा निकाल लागला.

ही बाई मला तशी आवडत नव्हती हेही सांगून टाकते. मोठ्यानं हसायची. प्रार्थना चालू असताना डोळे उघडून दोऱ्याचा रंग बघायची. माझं उत्तेजन तिला फारसं लागत नव्हतं, आणि ज्यांना माझं उत्तेजन लागत नाही अशा माणसांशी माझं कधीच पटलेलं नाही.

माझीही आई अंथरुणात होती, तेव्हा दुसरी शंका मला यायला हवी होती. आली नाही. माझी आई कुणाची सासू आहे असं माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. ती माझी आई होती.

पुढच्या गुरुवारी मी तयारीनं गेले. सासूची पाठ न सोडणाऱ्या परदेशी सुनेची गोष्ट आमच्या शास्त्रात, बायबलात, आहे, ती सांगितली. चांगली रंगली. बायकांचे हातही जरा सावकाश चालायला लागले. मग मी थांबले. कुठे थांबलं की वर्ग कान टवकारतो, हे शिक्षिकेला कळतं. मी आवाज खाली आणला आणि म्हटलं, "आपल्यातलीच एक बहीण अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सासूला मरण यावं म्हणून रोज देवाकडे मागते. तिला मी दोष देत नाही. आपण सगळ्या मिळून तिच्यासाठी प्रार्थना करू या."

फार गोड आवाजात म्हटलं. आणि चिठ्ठीतलं दुसरं वाक्य मी गाळलं. मग उठून तिचं सगळं करते, हे माझ्या बोलण्यात बसत नव्हतं.

शेंगांचा आवाज बंद झाला. पंधरा-वीस बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी जाऊन थांबले. शिवणवाली खाली मान घालून तुरपाई करत होती. तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग तिनं मान वर केली. "माझ्याकडं काय बघून राहिल्या सगळ्या?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "डोळे मिटा, प्रार्थना करू."

मी डोळे मिटण्याआधी एवढंच पाहिलं की मागच्या रांगेतून वहिनी उठून चालली आहे. नेहमीपेक्षा लवकर. मनात म्हटलं, प्रार्थनेच्या वेळीच हिला उठायचं सुचतं.

आठवड्याच्या आत पाळकीणबाईंचा फोन आला. गावात व्हायचं ते झालं होतं. कुणी तरी जाऊन शिवणवालीच्या सासूपाशी बसून, तुमच्यासाठी प्रार्थना करतो आम्ही, अशी सुरुवात करून सगळं सांगितलं होतं. म्हातारीनं ते ऐकलं, आणि त्या दिवसापासून ती सुनेच्या हातचं खाईना. सून घास घेऊन गेली की तोंड मिटून भिंतीकडे वळायची. शेजारची एक मुसलमान बाई येऊन तिला कसेबसे दोन घास आणि पाणी पाजत होती. चार दिवस झाले होते. आधीच ती म्हातारी म्हणजे हाडांचा सापळा, त्यात थंडी. "असंच चाललं तर ती टिकायची नाही," पाळकीणबाई म्हणाल्या.

मी लगेच गेले, पण काय म्हणून? मी तिला क्षमा करायला गेले. वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होते. चूक कबूल केलीस की सासूचं मनही वळेल, मी स्वतः तिची समजूत घालते, असं सगळं.

ती मशीनवर बसली होती. मागे खाटेवर म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी माझं बोलणं सुरू केलं. तिनं ते पुरतं ऐकलं, पाय मशीनवरून काढला आणि म्हणाली, "बाई, मी त्या डब्यात पोरीच्या लग्नाचं लिवलं हुतं. माझी सासू मरावी म्हून मी कामून लिवू? मी मशीन चालविते, ती पडल्या पडल्या माझ्याशी बोलत ऱ्हाती. दोघींचा दिवस जातो."

"प्रभू सगळं बघतो," मी म्हटलं.

"मग त्यालाच इचारा," ती म्हणाली आणि मशीन सुरू केली.

मी रागारागानं भावाच्या घरी आले. भाऊ ड्यूटीवर होता. आई झोपली होती. वहिनी चुलीपुढे भाकरी थापत होती. गॅस आहे, पण थंडीत ती मागच्या पडवीत चूल पेटवते, आईचं पाणीही त्यावरच तापतं. मी पाटावर बसले आणि सगळं सांगितलं. "वर खोटं बोलते," मी म्हटलं, "तोंडावर खोटं बोलते. अक्षर मी ओळखत नाही होय?"

वहिनीनं भाकरी तव्यात टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. म्हणाली, "ताई, ती चिठ्ठी माझी हाय."

मला अर्थच लागेना. मी म्हटलं, "कुठली?"

"तुमी वाचली ती. आत्याची." ती माझ्या आईला आत्या म्हणते. "मी लिवली."

भाकरी तिनं उलटवली, निखाऱ्यावर उभी केली. सव्वीस वर्षं ती या घरात आहे. तिच्या हातचं मी किती खाल्लं याचा हिशोब नाही. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं की मी तिचं अक्षर कधी पाहिलंच नव्हतं. अख्ख्या गावच्या पोरांची अक्षरं ओळखणारी मी. तिनं कधी काही लिहिलं असेल, तिला काही लिहावंसं वाटत असेल, हे माझ्या गावीही नव्हतं.

एवढ्यावर माझे डोळे उघडायला हवे होते. तिच्या पायाशी बसून मी रडायला हवं होतं. पण मी जे खरोखर केलं ते लिहायचं म्हणून तर हे लिहायला घेतलं आहे. मी पहिला प्रश्न विचारला तो असा: "हे आणखी कुणाला बोलली नाहीस ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "न्हाई."

"मग बोलू नकोस. आईच्या कानावर गेलं तर?"

आईच्या कानावर जाऊन तिला काही कळणार नव्हतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं. मला आईची भीती नव्हती. नांदेडच्या बाई, उत्तेजन देणाऱ्या, त्यांच्याच घरात असं, हे गावात होईल याची होती. लेक असावी तर अशी म्हणणाऱ्या बायका काय म्हणतील, याची होती.

"आन त्या म्हातारीच्या जेवणाचं?" वहिनीनं विचारलं.

"बघते मी," मी म्हटलं. आणि तिनं वाढलेली भाकरी खाऊन उठले. खाल्लीसुद्धा.

बघते म्हणजे मी काय बघितलं? रात्री नवऱ्याला सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही. पाळकीणबाईंना फोन लावला आणि थंडी फार आहे एवढंच बोलून ठेवला. दोन दिवस मी स्वतःला समजावत होते की वहिनीची अब्रू झाकणं हे माझं कर्तव्य आहे. तिची अब्रू. मला लाज कशी वाटली नाही, याचंच आता नवल वाटतं.

नाताळाच्या आधीचा गुरुवार उजाडला. बायका जास्त आल्या होत्या. शिवणवालीची जागा रिकामी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या बायकांनीही ती तशीच सोडली होती, तिथे कुणी सरकून बसलं नव्हतं. वहिनी त्या दिवशी वेळेवर आली. भावाची पाळी बदलून त्याला घरी बसवून आली होती, हे मला नंतर कळलं. पदरात तुरीच्या शेंगा घेऊन ती मागे बसली.

मी पळवाट तयार करून आणली होती. म्हटलं, "चिठ्ठी कुणाची, हे आपल्याला माहीत नाही. तेव्हा कुणी कुणावर संशय घेऊ नये. संशय हे पाप आहे." एका बाईनं विचारलं, "पण बाई, तुमालाच तर ठाव हुतं ना?" मी म्हटलं, "ते देवाला ठाऊक." आणि वहीचं पान उलटलं.

तेव्हा वहिनी उभी राहिली. सव्वीस वर्षांत ती कुठल्या सभेत उभी राहिल्याचं मी पाहिलं नाही. शेंगा पडू नयेत म्हणून तिनं एका हातानं पदराचा झोळ धरला होता.

"ती चिठ्ठी माझी हाय," ती म्हणाली. "माझ्या सासूची. ताईंच्या आईची. शिवणवाल्या बाईचा त्यात काई संबंध न्हाई. मी आधीच बोलाया पायजे हुतं. तिच्या सासूला कुणी तरी जाऊन सांगा, जेव म्हणावं."

एवढं बोलून ती खाली बसली. मला वाटलं ती आता उठून जाईल. ती गेली नाही. शेंगा सोलायला लागली. सगळे डोळे आधी तिच्याकडे गेले, मग माझ्याकडे आले. माझ्यावर जेवढे थांबले तेवढे तिच्यावर थांबले नाहीत. वही मांडीवर उघडी होती आणि तिच्यातलं एक अक्षर मला दिसत नव्हतं.

मग पुढच्या रांगेतली सर्वांत म्हातारी बाई, जिला आम्ही सगळ्या आजी म्हणतो, हातातली भाजी निवडत म्हणाली, "मी बी मागितलं हुतं गं, माझ्या सासूच्या टायमाला. सहा वर्सं. कुणाला सांगितलं न्हाई." थोड्या वेळानं दुसरी एक म्हणाली, "मी नवऱ्यासाठी." कुणी तिला गप्प केलं नाही. कुणी हसलंही नाही. वहिनीच्या शेजारची बाई सरकून तिच्या अंगाला अंग लावून बसली आणि तिच्या पदरातल्या मूठभर शेंगा घेऊन सोलायला लागली. त्या दिवशी त्या बायकांना जे काही मिळालं त्यात माझा वाटा नव्हता. मी बसून होते.

सभा सुटल्यावर मी एकटीच शिवणवालीच्या घरी गेले. बातमी माझ्या आधी पोचली असेल असं वाटलं होतं, पोचली नव्हती. चांगली बातमी सावकाश जाते बहुतेक. मी म्हातारीच्या खाटेशी जमिनीवर बसले. माझे गुडघे बसू देत नाहीत, पण बसले. "आजी," मी म्हटलं, "तुमच्या सुनेनं काही मागितलं नाही. मी खोटं बोलले. चिठ्ठी माझ्या घरातली होती. माझ्या आईसाठी माझ्या भावजयीनं लिहिलेली. मी शहाणपणा केला आणि तुमच्या सुनेवर ढकललं."

म्हातारीनं मान वळवली. माझ्याकडे पाहिलंच नाही. सुनेकडे पाहत राहिली. लकव्यानं तिचा अर्धा चेहरा हलत नाही, त्यामुळे तिच्या मनात काय चाललंय ते मला कळेना. सुनेला कळलं असावं. ती उठली, आतून वाडग्यात दूध आणलं आणि त्यात भाकरी कुस्करायला लागली. "माझ्या म्हातारे," ती एवढंच म्हणाली, आणि पहिला घास भरवताना दूध उशीवर सांडलं.

माझं तिथे काही काम नव्हतं. मी निघाले तर तिनं मागून हाक मारली. खुंटीला पिशवी अडकवलेली होती. "तुमचा ब्लाउज," ती म्हणाली. त्या आठवड्यात शिवला होता तिनं. हातशिलाईसुद्धा नीट, टाके मोजून घ्यावेत असे. मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "आज न्हाई, बाई. आज लई दमले मी." मी मान हलवून बाहेर पडले. त्यानंतर ती मला भेटली आहे, बोललीही आहे, पण त्या प्रश्नाचं उत्तर तिनं अजून दिलेलं नाही, आणि मी पुन्हा विचारलेलं नाही.

घरी आले तेव्हा वहिनी आईचे केस विंचरत होती. मी दारातच उभी राहिले. आयुष्यभर शब्दांवर जगलेली मी, आणि माझ्याकडे त्या वेळी एकच वाक्य होतं. "माझं चुकलं गं."

"ते ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. केसांचा गुंता बोटानं सोडवत राहिली. मग म्हणाली, "ताई, एक इचारू? नाताळ झाला की येळवस येती. चार दिस औशाला जाऊन येऊ का?"

औसा तिचं माहेर. तिचे भाऊ देवळात जाणारे, पण त्यांचा शेजार शेतकऱ्यांचा, आणि येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, त्या शेजाऱ्यांच्या रानात जाऊन भज्जी-आंबील खायची त्यांची लहानपणापासूनची रीत. पूजा होईपर्यंत हे बाजूला थांबायचे आणि मग पंगतीला सगळ्यांत पुढे, असं ती लग्न झाल्यावर हसत सांगायची. आई पडल्यापासून ती गेली नव्हती. चार हिवाळे. मी दर वेळी संत्री घेऊन यायची, पण तू कधी गेली होतीस गं माहेरी, हे चार वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. आणि आता ती मला परवानगी मागत होती.

"आठ दिवस जा," मी म्हटलं. "मी राहते."

ती गेली. जाताना अर्धा तास मला सगळं दाखवत होती. कूस कशी बदलायची, आधी गुडघा मुडपायचा, मग खांदा वळवायचा. पाठीला पावडर किती. कुठल्या गोळ्या दुधातून द्यायच्या कारण आई थुंकते. मी वहीत लिहून घेतलं. ती दारातून दोनदा परत आली.

पहिला दिवस मी अभिमानात काढला. दुसऱ्या दिवशी आई मला चावली. दिवसभर ती विचारत होती, "ती कुठं गेली?" मी म्हणायची, "मी आहे ना आई, तुझी लेक." ती म्हणायची, "तू जा. तिला बोलीव." भाऊ मदत करायचा, पण त्याच्या पाळ्या. तिसऱ्या पहाटे त्याची रात्रपाळी होती. साडेचारला मी आईची चादर बदलली, पाचला ती पुन्हा ओली. चूल पेटेना, लाकडं दवानं सादळलेली. मोरीत बसून मी गार पाण्यात चादर खळबळत होते, बोटं बधिर झालेली, आणि आतून आई बारीक आवाजात रडत होती, न थांबता. आणि मी मागितलं. तेच. हात पाण्यात असतानाच मागितलं, आणि माझ्याच आईसाठी. तीन दिवसांत.

मागितलं आणि मग मला रडू फुटलं. चादर तशीच टाकून मी वहिनीला फोन लावला. इतक्या सकाळी लावू नये हे मला सुचलं नाही. तिनं पहिल्याच रिंगला उचलला. मागे कोंबडा आरवत होता.

"आत्या बऱ्या हायेत ना?" तिनं विचारलं.

"बरी आहे," मी म्हटलं. "वहिनी, मीसुद्धा मागितलं आज. आत्ताच."

ती म्हणाली, "पाच वाजले असतील."

"हो."

"तवाच येतं ते मनात. लई गार असतं ना." तिचा आवाज अगदी साधा होता. "उन्हं आली की जातं, ताई. मी रोज बघते. आता रडू नका. आधी आत्याची कूस बदला, रडायच्या थांबतील. गुडघा पयले मुडपा."

मी हात पुसले, आत गेले आणि आधी गुडघा मुडपला, मग खांदा वळवला.